इर्मेलीच्या आईचे चमचे

वरदा सबनीस नक्की काय काम करते, हे तिच्या आईला मँचेस्टरच्या मराठी मंडळात आजवर कुणालाही धड सांगता आलेलं नाही. बाकीच्यांची मुलं कशी एका शब्दात आटपतात. कुणी डेंटिस्ट, कुणी अकाउंटंट. कुणाचा मुलगा केंब्रिजला संशोधन करतो. कशावर करतो ते त्याच्या आईलाही ठाऊक नसतं, पण संशोधन म्हटलं की समोरचा गप्प बसतो. यमुनाबाईंना मात्र दर गणपतीत पहिल्यापासून सुरुवात करावी लागते. "ती दागिन्यांचं बघते." "अय्या, म्हणजे ज्वेलरी शॉप?" "दुकान नाही गं. फिनलंडचे दागिने असतात, ते ती इथल्या लोकांना दाखवते." "विकते?" "विकत नाही, दाखवते." इथे समोरच्या बाईचा चेहरा असा काही होतो की यमुनाबाई घाईघाईने मोदकांकडे वळतात.

आणि खरं सांगायचं तर काम तेवढंच आहे. फिनलंडमध्ये काही माणसं दागिने घडवतात, पण आपण ज्याला दागिना म्हणतो तसे नव्हेत. गंजलेल्या खिळ्यांचा ब्रोच. बर्चच्या सालीची कर्णफुलं. मासेमारीच्या दोऱ्याने विणलेलं आणि गळ्यात घातलं तर कानापर्यंत येणारं काहीतरी. हे सगळं खोक्यांत भरून इंग्लंड-स्कॉटलंडभर न्यायचं, टेबलावर मांडायचं आणि जमलेल्या पंचवीस-तीस माणसांना सांगायचं, की हा दागिना का आहे. वरदा हे वीस वर्षं सांगते आहे. लायब्रऱ्यांत, कॉलेजांत, चर्चच्या हॉलमध्ये, एकदा तर एका हॉस्पिटलच्या कँटीनमध्ये, जिथे अर्ध्या श्रोत्यांना वाटलं होतं की ही बाई ब्लड प्रेशर तपासायला आली आहे.

वरदाचा जन्म मँचेस्टरचाच, त्यामुळे तिच्या मराठीत तो, ती, ते यांची हमखास गल्लत होई. वडील डॉक्टर माधव सबनीस, पुण्याहून सत्तरच्या दशकात आले आणि भूल देण्याचं काम करत इथेच निवृत्त झाले. मुलीने दागिने घडवायला शिकायचं म्हटल्यावर त्यांनी जेवणाच्या टेबलावर चमचा खाली ठेवला आणि म्हणाले, "सबनिसांच्या सात पिढ्यांत सोनार झाला नव्हता. होऊ दे." शिकताना एक वर्ष ती फिनलंडला गेली. तिथे इर्मेली नावाची शिक्षिका होती, उंच, हाडकुळी, एका दिवसात चार वाक्यं बोलली तर पुष्कळ. वर्षअखेरीस वरदाने घडवलेली अंगठी इर्मेलीने हातात घेतली, वरदाने त्या अंगठीबद्दल सांगितलेलं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "तू जितकं चांगलं घडवतेस त्याहून चांगलं सांगतेस." याचं वाईट वाटून घ्यायचं की बरं, हे वरदाला त्या वयात कळलं नाही. पुढे त्याच वाक्यावर तिचं पोट चाललं.

हे दागिने फिरवणारा एक छोटा ट्रस्ट होता. सायकलच्या दुकानावरच्या दोन खोल्यांत त्याचं ऑफिस. सुरुवातीला माणसं चार होती, मग दोन झाली, मग एकटी वरदा उरली. मधल्या काळात तिचं एक लग्न झालं, सहा वर्षं टिकलं आणि मोडताना फारसा आवाज झाला नाही. तीन वर्षांपूर्वी वडील गेल्यावर मँचेस्टरजवळच्या सेल गावातल्या घरात आई एकटी राहिली, तेव्हा वरदा भाड्याचा फ्लॅट सोडून तिच्याकडे राहायला आली. म्हणजे नावाला राहायला. महिन्यातले निम्मे दिवस ती कुठल्या ना कुठल्या स्टेशनवर चाकांचं खोकं धरून उभी असायची आणि गाडी रद्द झाल्याचं ऐकत असायची.

आता बावन्नाव्या वर्षी ती दमली होती. हे दमणं दोन दिवस झोपून जाणारं नव्हतं. भाषणात ज्या जागी विनोद करायचा त्या जागी विनोद करताना तिला आपलाच आवाज दुसऱ्या खोलीतून आल्यासारखा वाटे. तेच प्रश्न येत. खरी चांदी आहे का? हे कोण घालतं? तुम्ही स्वतः घालता का घरी? ती तीच उत्तरं देई, लोक त्याच जागी हसत, आणि तिला वाटे, आत्ता इथेच टेबलाखाली आडवं व्हावं, खिळ्यांच्या ब्रोचशेजारी. काम नावडतं झालं असतं तर एक वेळ बरं होतं. ते आवडत होतं, फक्त अंगातलं संपलं होतं.

त्या हिवाळ्यात ट्रस्ट बंद करायचं ठरलं. खोल्या रिकाम्या झाल्या. खिळे, साली, दोरे, सगळं ज्याचं त्याला परत पाठवायची व्यवस्था झाली. एकच वस्तू उरली, आणि तीच वरदाच्या गळ्यात अडकली होती. गळ्यात म्हणजे खरोखरच गळ्यात.

ती इर्मेलीने केलेली माळ होती. इर्मेलीच्या आईचे चांदीचे कॉफीचे चमचे होते. आई गेल्यावर इर्मेलीने ते ठोकून पानांसारखे चपटे केले आणि ओवले. त्यांच्या गावच्या घरामागे जुनी सौना होती, म्हणजे वाफ घ्यायची लाकडी खोली, धुराड्याशिवायची. आत शेकोटी पेटवली की धूर तिथेच कोंडायचा आणि भिंती काळ्या कुळकुळीत व्हायच्या. इर्मेलीची आई त्याच सौनात जन्मली होती आणि गेल्यावर तिला आंघोळही तिथेच घातली होती. इर्मेलीने ती माळ उन्हाळाभर त्या धुरात टांगून ठेवली. पानं काळी झाली. दुसऱ्या वर्षी सौना जळून गेली, अशा सौना जळतातच. म्हणजे तो धूर आता जगात दुसरीकडे कुठे उरला नव्हता, त्या पानांवर होता तेवढाच.

इर्मेलीची अट एकच होती. ही माळ काचेत ठेवायची नाही. जो कोणी तिच्याविषयी सांगेल त्याने ती उघड्या गळ्यात घालून सांगायचं. काजळी लागते, लागू द्यायची. हळूहळू ती माणसांच्या गळ्यांवरून निघून जाईल, तेच तिला हवं होतं. सात वर्षं वरदा ती घालत होती. प्रत्येक भाषणानंतर मानेभोवती काळा पट्टा उमटायचा आणि तो कितीही घासला तरी दोन दिवस पुरायचा. घरी आली की यमुनाबाई आधी तिच्या मानेकडे बघायच्या आणि मग ताट वाढायला घ्यायच्या.

ट्रस्ट बंद होतोय म्हटल्यावर इर्मेलीने फोनवर सांगितलं, "माळ इकडे पाठवू नकोस. तिला परत यायला घर नाही. तिकडेच कुठेतरी जागा बघ." वरदाने शब्द दिला. आणि शब्द दिला की बांधला गेला माणूस. जागा मिळेपर्यंत तिला थांबता येत नव्हतं. वर्षभर तिने पत्रं लिहिली, माणसांना भेटली, आणि शेवटी केंब्रिजच्या एका लहानशा म्युझियमने होकाराच्या जवळ जाणारं काहीतरी कळवलं. गुरुवारी त्यांच्या समितीपुढे माळ घालून उभं राहायचं. समितीने घेतली की संपलं. मग ती आठवडाभर झोपणार होती. त्याच्या पुढचं तिने काही ठरवलंच नव्हतं.

त्याआधी सोमवारी लंडनजवळच्या स्लाऊला शेवटचं भाषण होतं. माळ तिने नेली नाही, बाकीचे दागिने परत गेलेले, त्यामुळे पडद्यावर फोटोच दाखवायचे होते. ऑफिस उरलं नव्हतं म्हणून खोकं घरीच, जेवणाच्या खोलीतल्या कपाटावर ठेवलं. अशी वस्तू घरी ठेवू नये हा नियम तिनेच पूर्वी नवख्यांना शिकवला होता. स्लाऊच्या हॉलमध्ये पंजाबी आज्या होत्या, दोन-तीन मराठी काकू होत्या, आणि एक गृहस्थ हीटर चालू आहे म्हणून आले होते. एका काकूंनी विचारलं, "बाळ, यात सोनं कितीसं असतं?" वरदा म्हणाली, "सोनं नाही, काकू. मीनिंग असतो." काकूंनी मान डोलावली, पण डोळ्यांत तिच्याविषयी काळजीच दिसली.

मंगळवारी दुपारी ती घरी पोचली. दारातूनच तिला रिठ्याचा वास आला. लहानपणी दिवाळीआधी घरातली चांदी निघायची तेव्हाचा तो वास होता, आणि क्षणभर तिला बरंच वाटलं. मग ती स्वयंपाकघरात गेली. खिडकीपाशी पांढरा टॉवेल पसरला होता आणि त्यावर इर्मेलीच्या आईचे चमचे उन्हात लखलखत होते.

"आई, तू काय केला?"

"धुतली," यमुनाबाई म्हणाल्या. "रात्रभर रिठ्यात भिजत घातली, सकाळी ब्रशने घासली आणि मग खायचा सोडा लावला. पाणी बघायला हवं होतंस, नुसती शाई."

वरदा टॉवेलशी गेली. एकेक पान उचलून पाहिलं. आई काम अर्धवट सोडणाऱ्यांतली नव्हती. कडांना, भोकांना, दोरा जिथून जातो तिथेसुद्धा काळेपणाचा ठिपका नव्हता. एका पानावर तर कुणाची तरी आद्याक्षरं दिसत होती, ती वरदाने सात वर्षांत पाहिलीच नव्हती.

आता ती ओरडेल, असं कुणालाही वाटेल. तिला स्वतःलाही वाटलं. पण तिने आईचे हात पाहिले. सांधे सुजलेले, नखांत अजून काळं. एक्क्याऐंशी वर्षांची बाई सकाळभर सिंकशी उभी राहिली होती. वीस वर्षांत तिने वरदाच्या खोक्यांना कधी हात लावला नव्हता, "तुझे ते पत्रे" याखेरीज कधी विचारपूस केली नव्हती, आणि आज पहिल्यांदा मुलीच्या कामासाठी काही केलं होतं, तर ते हे. वरदाने हातातलं पान परत टॉवेलवर ठेवलं आणि ती म्हणाली, "छान झालं आहे."

यमुनाबाईंनी तिच्याकडे नीट पाहिलं. "एवढंच?"

"हो. छान. थँक्यू, आई."

"बरं," यमुनाबाई म्हणाल्या, आणि काहीशा नाराजीनेच आपल्या खोलीत जाऊन पडल्या.

वरदा खुर्चीवर बसली. दागिने घडवायला शिकलेल्या माणसाला चांदी काळी करायला काय लागतं? दोन अंडी. उकडायची, सोलून कुस्करायची, चांदीसोबत पिशवीत घालून तोंड बांधायचं. दुसऱ्या दिवशी अशी काळी निघते की इर्मेलीलासुद्धा दुरून फरक कळू नये. केंब्रिजच्या समितीला तर जवळूनही कळणार नाही. वर मेणबत्तीची थोडी काजळी धरली की बोटाला लागेल, मानेलाही लागेल. फ्रिजच्या खालच्या खणात तिची अंडी होती. यमुनाबाई खात नसल्या तरी घरात चालवून घेत. तिने दोन उकडत ठेवली.

पाणी उकळत होतं तोवर ती मनातल्या मनात गुरुवारचं भाषण म्हणून पाहू लागली. हा धूर एका जळून गेलेल्या सौनाचा आहे. या वाक्यापाशी ती थांबली. पुन्हा म्हणून पाहिलं, पुन्हा तिथेच थांबली. खरं असताना ते वाक्य आपोआप यायचं. आता ते दर वेळी उचलून आणावं लागणार होतं, समितीपुढे, मग पाटीवर, मग कुणी फोन करून विचारलं तर तिथे, मग इर्मेलीशी, मरेपर्यंत. खोटं बोलायलाही अंगात जीव लागतो, आणि तो तिच्यात नव्हता. तिने अंडी सोलली, मीठ-मिरपूड घातली आणि उभ्या उभ्या खाऊन टाकली.

बुधवारी सकाळी तिने इर्मेलीला फोन लावला. इर्मेली आता अठ्ठ्याहत्तरची होती, कानाने कमी ऐकायची, त्यामुळे ही असली गोष्ट वरदाला मोठ्या आवाजात दोनदा सांगावी लागली.

"कशाने धुतली?" इर्मेलीने विचारलं.

"एक फळ असतं. सुकवलेलं. त्याचा फेस होतो. आमच्याकडे दागिने त्याने धुतात."

"सगळं गेलं?"

"सगळं."

मग इर्मेली म्हणाली, "मला आज बोलायचं नाही," आणि फोन ठेवला. ती रागावली होती, आणि तिने रागावावं हे बरोबरच होतं. वरदा दिवसभर फोन हातात घेऊन घरात हिंडली. संध्याकाळी मेसेज आला. केंब्रिजला ने. काय झालं ते सांग. पुन्हा काळी करू नकोस. खाली सही नव्हती, माफी नव्हती, काही नव्हतं.

गुरुवारी केंब्रिजमध्ये समितीच्या तीन माणसांपुढे वरदा उभी राहिली. गळ्यात माळ होती, पण काजळी गेल्यापासून ती वेगळीच लागत होती, गार आणि हलकी. तिने सौनाचं सांगितलं, चमच्यांचं सांगितलं आणि मग म्हणाली, "हे सगळं मंगळवारपर्यंत खरं होतं." रिठ्याचंही सांगितलं. विनोद एकही केला नाही. बोलून झाल्यावर तिने माळ काढून टेबलावर ठेवली आणि नकार ऐकायला तयार झाली. नकार मिळाला तर ही माळ आता आपल्याच घरात, आपल्याच कपाटावर, आपण मरेपर्यंत, हे तिने गाडीत ठरवून टाकलं होतं.

पण म्युझियमवाल्यांना कशाचं काय वाटेल, हे सांगता येत नाही. समितीच्या अध्यक्षीणबाई चष्मा डोक्यावर चढवून पुढे झुकल्या होत्या. "किती विलक्षण," त्या म्हणाल्या. दुसरे गृहस्थ म्हणाले, की आता यात दोन आया आहेत. तिसऱ्या बाई नुसत्याच लिहीत होत्या. पुढची वीस मिनिटं ते तिघं आपसांत बोलत राहिले, स्थलांतर, घरकाम, स्वच्छतेची कल्पना, असलं काहीबाही, आणि माळ घ्यायची हे त्यात कधी ठरलं ते वरदाच्या लक्षातही आलं नाही. काचेत नाही, वर्षातून एकदा कुणीतरी घालून दाखवेल, हीसुद्धा अट मान्य झाली. संध्याकाळच्या आत त्यांनी पाटीचा मजकूर मेलने पाठवलाही. एकच काम बाकी होतं, त्यावर वरदाच्या आईची संमती.

हे म्हणजे सुटल्यासारखंच होतं. परतीच्या गाडीत वरदा खोक्याशिवाय बसली होती, पायांना जागा होती. पण आनंद काही होईना. आईची चूक आता पाटीवर लागणार, लोक वाचून गालात हसणार, कशी बाई ती, भोळी. सात वर्षं आपण दुसऱ्याच्या आईचं सांगत फिरलो, आणि शेवटी जागा मिळाली ती आपल्या आईचं हसं करून. तिला लाज वाटली. आणि लाज वाटत असतानाच, आता संपू दे, असंही वाटलं.

शुक्रवारी सकाळी चहाच्या वेळी तिने आईला सगळं सांगितलं. काजळी मुद्दाम होती, ती महत्त्वाची होती, हेही शेवटी सांगावंच लागलं. यमुनाबाई बिस्कीट बुडवून शांतपणे ऐकत होत्या. मग वरदाने पाटीवरचा मजकूर आपल्या मराठीत वाचून दाखवला. "ही माळ, मेकरच्या आईची स्पूनपासून बनवलेला. स्मोकचा थर, प्रेझेंटरच्या आईने, अजाणतेपणी धुतला."

"काय म्हणालीस? अजाणतेपणी?"

"म्हणजे अननोइंगली, आई. तुला माहीत नव्हतं, असं."

"मला शब्द कळतो. मी विचारते, कुणी लिहिलं हे?"

"म्युझियमने."

"मग त्यांना सांग काढायला," यमुनाबाईंनी कप खाली ठेवला. "मी जाणूनबुजून धुतली."

वरदाने लॅपटॉप बाजूला सारला.

"मी बहिरी आहे का? फोनवर तू शंभरदा सांगितलंस लोकांना, या भिंतीपलीकडे मी बसलेली असते. सौना काय, धूर काय, ती बाई तिथे जन्मली काय. मला तोंडपाठ आहे. इंग्लिशमध्ये पाठ आहे."

"मग का?" वरदाचा आवाज चढला. "आई, व्हाय? तुला माहीत होता, आणि तरी? ती माझं काम आहे! इर्मेलीचं आई आहे त्याच्यात!"

"हां, आता ओरडलीस," यमुनाबाई म्हणाल्या. "मंगळवारी छान म्हणालीस तेव्हा मला भीती वाटली होती. म्हटलं, हिच्यात रागावण्याइतकंही उरलं नाही."

यमुनाबाईंनी सुजलेली बोटं एकमेकांत अडकवली. "माझं ऐक. आपल्याकडे माणूस गेलं की तेरा दिवस सुतक धरतात. मग घर धुतात, कपडे धुतात, गोड करतात आणि ज्याच्या त्याच्या कामाला लागतात. दुःख संपतं म्हणून नाही. कुणीतरी संपलं म्हणावं लागतं म्हणून. त्या बाईने आपल्या आईचं धुतलं नाही, तो तिचा प्रश्न. पण ते तिने तुझ्या गळ्यात घातलं. सात वर्षं तू ते गळ्यात घालून गावोगाव फिरलीस, आणि घरी आलीस की मी तुझी मान बघायची. गुरुवारनंतर ते दुसऱ्या कुणाच्या गळ्यात गेलं असतं. म्हटलं, हे असं पुढे नाही जाऊ द्यायचं. कुणीतरी धुवायलाच हवं होतं, मी धुतलं."

"तुला राइट नव्हता, आई."

"नव्हता," यमुनाबाई लगेच म्हणाल्या. "तिला सांग, यमुना सबनीसने मुद्दाम केलं आणि तिला पटलं नाही तर तिने मला फोन करावा. मी बोलेन." मग त्या थांबल्या, आणि पुढचं बोलताना त्यांचा आवाज एकदम म्हातारा झाला. "आणि तुझ्या बाबांचं? नवव्या दिवशी तू ग्लासगोला गेलीस. आठवडाभराचे कार्यक्रम ठरलेले आहेत, रद्द कसे करायचे, म्हणालीस. ती माळ घालून लोकांना दुसऱ्याच्या आईचं सांगत होतीस, आणि इथे तेराव्याला मी आणि गुरुजी, दोघंच. मी काही बोलले नाही. पण बाबांचं तू अजून धरलंच नाहीस, वरदा. मग सुटणार कसं?"

वरदा रडली नाही. तिला वाटलं होतं, रडू येईल. तिने लॅपटॉप ओढला आणि म्युझियमला दोन ओळी लिहिल्या, की आईने माळ जाणूनबुजून धुतली, तो शब्द बदलावा, आणि त्यामुळे तुमचा निर्णय बदलणार असेल तर तसं कळवावं. पाठवायच्या बटणावर बोट नेताना तिला नीट ठाऊक होतं, की जाणूनबुजून केलेलं नुकसान कुठलंही म्युझियम घेत नाही. माळ परत येईल, खोकं परत येईल. तरी तिने पाठवलं. इर्मेलीलाही तेच लिहिलं, आईच्या फोन नंबरसकट.

म्युझियमचं उत्तर दुसरा चहा होईपर्यंत आलं. शब्द बदलत आहोत, माळ आमच्याकडेच राहील, आईंना नमस्कार. इर्मेलीचं काही आलं नाही. त्या दिवशी नाही, पुढे कित्येक दिवस नाही. ती वाट वरदाला पाहावीच लागणार होती.

आता टेबलावर दोन कप होते, बिस्किटांचा डबा होता आणि करायचं काही नव्हतं. गाडी पकडायची नव्हती, कुणाला काही सांगायचं नव्हतं. वीस वर्षांत पहिल्यांदा वरदाला दुसऱ्या कुणाची गोष्ट पाठ म्हणावी लागत नव्हती. मग तीन वर्षांत तिने जे एकदाही विचारलं नव्हतं, ते विचारलं.

"आई, शेवटच्या दिवशी बाबा काय बोलले?"

यमुनाबाईंनी खुर्ची तिच्याजवळ ओढली आणि सांगायला सुरुवात केली.